सीओ अलार्म पुन्हा पुन्हा वाजतो, पण तपासणीत काहीच सापडत नाही: काय करायचं?

थंडी पडली की अमेरिका-कॅनडातल्या आपल्या मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो. बेसमेंटमध्ये गॅसवरची फर्नेस (घर तापवणारी भट्टी) आणि वॉटर हीटर, वर बेडरूमच्या बाहेर भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे सीओ या विषारी वायूचा अलार्म. एका संध्याकाळी तो कर्कश वाजायला लागतो. घाबरून सगळ्या खिडक्या उघडल्या जातात, मंडळी बाहेर येतात, फायर डिपार्टमेंटची गाडी येते, त्यांच्या मीटरवर शून्य दिसतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. मग फर्नेसवाल्याला बोलावलं जातं. तो अर्धा तास बघतो आणि सगळं ठीक आहे म्हणून बिल देऊन जातो. तिसऱ्यांदा वाजला की घरातलं कुणीतरी ठरवून टाकतं की अलार्मच बिघडलाय, आणि तो भिंतीवरून उतरतो.

कृपा करून तो उतरवू नका. माझं काम घरांचं हीटिंग आणि व्हेंटिलेशन तपासायचं आहे, आणि अशा घरांत बहुतेक वेळा अलार्म बरोबर असतो, तपासणीची वेळ चुकीची असते. ते कसं, हे पुढे सविस्तर लिहिलंय. त्याआधी तातडीचं.

अलार्म आत्ता वाजत असेल तर

सगळ्यांनी घराबाहेर पडायचं. लहान मुलं, झोपलेले आजी-आजोबा, कुत्रा-मांजर, सगळे. बाहेर आल्यावर माणसं मोजायची आणि ९११ ला फोन करायचा. पासपोर्ट, पर्स, लॅपटॉप यासाठी पुन्हा आत जायचं नाही. फायर डिपार्टमेंट 'आता चालेल' म्हणेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही.

बाहेर शून्याखाली तापमान असेल तर शेजाऱ्यांकडे जा. ड्राइव्हवेवर उभ्या असलेल्या गाडीत बसलात तरी चालेल, पण तिच्या सायलेन्सरपाशी बर्फ साचलेला नाही ना, ते बघून मगच इंजिन सुरू करा. गॅरेजमधली गाडी सुरू करून तिच्यात बसायचं नाही. घाईत लोक नेमकं हेच करतात.

खिडक्या उघडत घरभर फिरू नका. बाहेर पडताना दार उघडं राहिलं तर राहू दे, पण प्रत्येक खोलीत जाऊन खिडकी उघडण्यात जी दोन-तीन मिनिटं जातात, ती तुम्ही विषारी हवेत काढत असता. दुसरं म्हणजे वायू निघून गेला की येणाऱ्या माणसांना तो कुठून येतोय हे शोधता येत नाही. एखादं माणूस बेशुद्ध आहे आणि तुम्हाला एकट्याला हलवता येत नाहीये, अशा वेळी मात्र दारं-खिडक्या उघडा आणि गॅसची उपकरणं बंद करा.

९११ वर बोलताना कुणाचं डोकं दुखतंय, कुणाला मळमळतंय किंवा गरगरतंय, हे आठवणीने सांगा. त्यावर ते अँब्युलन्स पाठवायची की नाही ते ठरवतात. घरात गरोदर बाई असेल तर तेही सांगा. पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षा जास्त बाधतो. आईला फारसं काही जाणवत नसलं तरी तिला तपासायलाच हवं.

आवाज नीट ऐका

चार टिट, थोडा थांबा, पुन्हा चार टिट: हा कार्बन मोनॉक्साइड. तीन लांब आवाज आणि थांबा: हा धूर. अर्ध्या-एक मिनिटाने एकच बारीक 'टिक': बॅटरी संपत आली आहे किंवा अलार्मचं आयुष्य संपलंय. आयुष्य संपलेल्या अलार्ममध्ये नवी बॅटरी घातली तरी टिकटिक थांबत नाही. मागच्या बाजूला तारीख छापलेली असते. जुने अलार्म पाच ते सात वर्षं चालतात, नवे बरेचसे दहा. तारीख उलटली असेल तर त्याच दिवशी नवा आणा.

भारतातून आई-बाबा आलेले असतील तर हे त्यांना पहिल्याच आठवड्यात दाखवून ठेवा. दिवसभर घरात तेच असतात. संध्याकाळी कामावरून आल्यावर, 'अगं, सारखं टिकटिक करत होतं ते, म्हणून बॅटरी काढून ठेवली मी,' हे मी बऱ्याच घरांतून ऐकलंय. त्यांचं काही चुकत नाही. पुण्या-सांगलीच्या घरात असली वस्तू भिंतीवर नसते, मग तिचा आवाज ओळखीचा कसा असणार?

तपासणीत शून्य का येतं

अलार्म कशावर वाजतो ते आधी समजून घेऊ. अमेरिकेत हे अलार्म यूएल २०३४ या मानकाप्रमाणे बनतात. हवेत ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) कार्बन मोनॉक्साइड असेल तर अलार्म एक ते चार तासांत वाजला पाहिजे, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत, आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत. ३० पीपीएमला तर तो महिनाभर गप्प राहिला पाहिजे, असंच मानक सांगतं. थोड्याशा वायूवर ओरडून लोकांना त्याचा कंटाळा येऊ नये म्हणून ही रचना केलेली आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. अलार्म वाजला म्हणजे तुमच्या घरात बराच वेळ बरंच काही साठलेलं होतं, क्षणभर वाऱ्याची झुळूक आली म्हणून तो वाजत नाही. आणि तो वाजला नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे असंही नाही. ४० पीपीएममध्ये रोज झोपणाऱ्या माणसाचं डोकं सकाळी दुखू शकतं, आणि अलार्म मात्र शांत असू शकतो. म्हणून एखादा आकडा दाखवणारा अलार्म घ्या. त्यावर 'पीक लेव्हल'चं बटण असतं, ते दाबलं की आधी सर्वांत जास्त किती झालं होतं ते दिसतं. फायर डिपार्टमेंट किंवा टेक्निशियन आला की तो आकडा त्याला पहिल्यांदा दाखवा, आणि त्याआधी अलार्म रिसेट करू नका.

आता तुम्ही खिडक्या उघडल्यात, वीस मिनिटांनी मीटर आला, तोवर सगळं निघून गेलेलं. फर्नेसवाला येतो मंगळवारी सकाळी अकरा वाजता. तेव्हा घरात ना स्वयंपाक चालू असतो, ना ड्रायर, ना कुणाची अंघोळ. तो फर्नेस सुरू करतो, ज्योत बघतो, हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या भागाला) तडा गेलाय का बघतो. फर्नेस खरोखरच ठीक असते. शनिवारी रात्री घर ज्या अवस्थेत होतं ती अवस्था त्याला दिसतच नाही.

आपल्या स्वयंपाकघराचा यात काय संबंध

बॉस्टनजवळच्या एका मराठी घरात हे अगदी स्पष्ट दिसलं. जुनं घर, पण नव्या खिडक्या बसवलेल्या आणि भिंतींत इन्सुलेशन भरलेलं, त्यामुळे फटी जवळजवळ बुजलेल्या. फोडणीचा वास कोटांना लागू नये म्हणून ९०० सीएफएमचा मोठा हूड बसवलेला, म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट हवा बाहेर फेकणारा. संक्रांतीला पाहुणे होते. दुपारपासून तव्यावर गुळपोळ्या चालू, हूड पूर्ण वेगावर. खाली ड्रायर फिरतोय, दोन्ही बाथरूमचे पंखे सुरू. रात्री साडेआठला अलार्म वाजला. आधीच्या दोन्ही खेपाही पाहुण्यांच्याच दिवशी झालेल्या होत्या, पण ती जोड कुणी लावली नव्हती.

एवढी हवा बाहेर जात असेल तर तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. फटी बुजलेल्या, बाहेर कडाक्याची थंडी म्हणून दारं-खिडक्या बंद. मग ती सगळ्यात सोप्या वाटेने येते, आणि बेसमेंटमधल्या वॉटर हीटरच्या धुराड्याइतकी सोपी वाट दुसरी नाही. साध्या वॉटर हीटरला पंखा नसतो. गरम वायू हलका असतो म्हणून आपसूक वर चढतो, एवढाच त्याचा आधार. वरून हवा खाली ओढली गेली की तो जोर कमी पडतो आणि जळलेला वायू चिमणीऐवजी बेसमेंटमध्ये सांडतो. सांडलेला वायू फिरून बर्नरकडेच जातो, ज्योतीला ताजी हवा कमी पडते, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. त्यात पाहुणे जेवल्यावर भांडी घासायला गरम पाणी भसाभसा लागतं, म्हणजे बर्नर पेटतो तोही नेमका याच वेळी.

त्या घरात आणखी एक गोष्ट होती, आणि ती अनेक घरांत असते. काही वर्षांपूर्वी जुनी फर्नेस काढून नवी, कमी गॅस खाणारी बसवली होती. नवीचा वायू पांढऱ्या पीव्हीसी पाइपने थेट भिंतीतून बाहेर जातो. आधी फर्नेस आणि वॉटर हीटर मिळून एक विटांची चिमणी वापरत होते. आता त्या मोठ्या, गार चिमणीत एकटा वॉटर हीटर उरला. त्याचा थोडासा वायू वर पोचायच्या आतच थंड होतो आणि चढायचा थांबतो. फर्नेस बदलताना चिमणीत आतून कमी व्यासाचा लायनर, म्हणजे आतली नळी, घालून घ्यायला हवा होता, पण त्याबद्दल घरच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडे फर्नेस बदलली असेल आणि वॉटर हीटर जुन्या चिमणीलाच जोडलेला असेल, तर पहिला संशय इथे घ्या.

खुणा डोळ्यांना दिसतात. वॉटर हीटरच्या डोक्यावर जिथे धुराचं पत्र्याचं छत्र असतं, तिथे आजूबाजूला गंज चढलेला दिसतो. पाण्याच्या पाइपांभोवती लाल-निळ्या प्लास्टिकच्या चकत्या असतात, त्या वितळून वाकड्या झालेल्या असतात. त्या घरी निळी चकती मेणासारखी ओघळून टाकीवर चिकटली होती. गरम वायू अनेक दिवस तिथे सांडत असल्याशिवाय असं होत नाही.

उदबत्तीची परीक्षा

फायर डिपार्टमेंटने घर सुरक्षित म्हणून सांगितल्यानंतर, कुणालाही त्रास होत नसताना, आकडा दाखवणारा अलार्म शेजारी ठेवून हे करता येतं. गॅसचा, रंगाचा किंवा पेट्रोलचा जरासाही वास येत असेल तर मात्र काहीही पेटवू नका.

घराच्या सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारं बंद करा. हूड, ड्रायर, बाथरूमचे पंखे, सगळं एकदम चालू करा. फायरप्लेस पेटवू नका. गरम पाण्याचा नळ सोडा, म्हणजे वॉटर हीटरचा बर्नर पेटेल. पाच मिनिटं थांबा, म्हणजे धुराड्याला तापायला वेळ मिळेल. मग उदबत्ती त्या पत्र्याच्या छत्राच्या कडेजवळ धरा आणि सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा. धूर छत्राखाली ओढला जाऊन वर जायला हवा. तो बाहेर ढकलला जात असेल, तुमच्या हातावर गरम दमट वाफ येत असेल, तर वायू सांडतोय. ताबडतोब पंखे बंद करा, खिडक्या उघडा, हीटरचा गॅस बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत पेटवू नका.

धूर नीट वर गेला तर एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. वाऱ्याच्या दिशेवरही हे अवलंबून असतं. पण धूर उलटा आला तर उत्तर मिळालं.

टेक्निशियनला काय सांगायचं

'अलार्म वाजतो, बघा' एवढं सांगितलं तर तो फर्नेस बघून जाईल. अलार्म वाजला तेव्हाची सगळी परिस्थिती लिहून द्या: वार, वेळ, बाहेरचं तापमान, वारा होता का, हूड किती वेळ चालू होता, ड्रायर, अंघोळी, गॅरेजमधून गाडी किती वाजता निघाली, ओव्हन होता का. दोन-तीन खेपांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की जोड आपोआप दिसते. आणि 'वर्स्ट केस डिप्रेशरायझेशन'सह कंबशन सेफ्टी टेस्ट करा, असं याच शब्दांत मागा. यात पंखे मुद्दाम एकदम लावून, धुराड्याच्या आत मीटरची नळी घालून आकडे घेतात. मॅसॅच्युसेट्समध्ये मास सेव्ह या ऊर्जाबचत योजनेच्या घरतपासणीत कंबशन सेफ्टी बघतात. फर्नेसच्या साध्या वार्षिक सर्व्हिसमध्ये बहुतेकदा हे होत नाही.

उपाय घराप्रमाणे बदलतो. चिमणीला लायनर, किंवा पंख्याने वायू बाहेर टाकणारा वॉटर हीटर, किंवा विजेवरचा हीट पंप वॉटर हीटर, म्हणजे बेसमेंटमधली ती ज्योतच संपली. मोठ्या हूडसाठी बाहेरून हवा आत घेणारी वेगळी सोय हवी. ४०० सीएफएमपेक्षा मोठ्या हूडला अशी सोय निवासी इमारतींच्या आदर्श नियमावलीतच सांगितलेली आहे. किचन नवं करताना कॉन्ट्रॅक्टरला हे स्पष्ट विचारा. तोवर हूड लावताना स्वयंपाकघरातली एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा, थंडी लागली तरी.

बाकीची कारणं

गॅरेज घराला जोडलेलं असेल आणि सकाळी गाडी तापवायची सवय असेल तर अलार्म सकाळीच वाजेल. शटर उघडं असलं तरी वायू घरात शिरतो. गाडी बाहेर काढूनच तापवा. चावीशिवाय बटणावर सुरू होणारी गाडी चालूच राहून गेली, असंही घडतं.

बर्फाचं वादळ झाल्यावर वाजला तर भिंतीतून निघणारे पीव्हीसी पाइप बघा. जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ इथे बर्फाने घराचा व्हेंट बुजला आणि सात वर्षांची एक मुलगी दगावली. तिच्या नावाने झालेला 'निकोलचा कायदा' ३१ मार्च २००६ पासून लागू आहे. त्यानुसार तिथे घराच्या प्रत्येक मजल्यावर अलार्म लागतो, आणि झोपायच्या खोल्या असतील तिथे दारापासून १० फुटांच्या आत. फावडं घेऊन ड्राइव्हवे साफ करण्याआधी ते पाइप मोकळे करा.

गॅसचा ओव्हन लावल्यावर वाजत असेल तर तळाला अॅल्युमिनियम फॉइल अंथरलेलं आहे का बघा. साफ करायला सोपं म्हणून आपण ते घालतो, पण तळाची भोकं बुजली की ज्वलन बिघडतं. वीज गेल्यावर जनरेटर गॅरेजमध्ये किंवा पोर्चवर लावू नका. घरापासून निदान २० फूट लांब, धूर घराच्या उलट दिशेला. बार्बेक्यूची शेगडी घरात कधीच नाही. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर वायू शेजारच्या घरातून किंवा खालच्या पार्किंगमधूनही येतो, म्हणून सुपरला (इमारतीची देखभाल करणाऱ्याला) फक्त तुमचं घर तपासू देऊ नका.

खोटा अलार्म खरंच असतो का? असतो, आणि त्यातलं एक कारण ठरलेलं आहे: चार्ज होणारी लेड-अॅसिड बॅटरी. ती हायड्रोजन सोडते आणि अलार्मचा सेन्सर हायड्रोजनलाही फसतो. बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी उपसणाऱ्या संप पंपाची बॅकअप बॅटरी जुनी होऊन तापायला लागली की असं होतं. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर संशय वाढतो, पण गळणाऱ्या गॅसचा वासही तसाच असतो, म्हणून आधी बाहेर पडून ९११ ला फोन करा. पण हा निष्कर्ष बाकी सगळं तपासून झाल्यावरच काढायचा, आणि तशी बॅटरीही घरात ठेवण्यासारखी नसतेच.

ऑक्सिमीटरवर विसंबू नका

हे फार महत्त्वाचं आहे, कारण कोविडनंतर प्रत्येकाच्या खणात ऑक्सिमीटर आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. साधा ऑक्सिमीटर या दोन्हींतला फरक ओळखू शकत नाही आणि बाधलेल्या माणसालाही ९८-९९ दाखवतो. तो आकडा बघून घरी थांबू नका. हॉस्पिटलमध्ये रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन (हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासायला सांगा, आणि घरात अलार्म वाजला होता हे पहिल्याच वाक्यात सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तासभर ते दीड तास. उशिरा तपासलं तर आकडा उतरलेला असतो.

अंगात ताप नाही, पण डोकं जड, मळमळ, गळून गेल्यासारखं, आणि बाहेर फिरून आलं की बरं वाटतं, असं घरातल्या दोघा-तिघांना एकदम होत असेल तर ते फ्लू समजू नका. नुकत्याच आलेल्या आई-बाबांच्या बाबतीत हे 'जेटलॅग असेल', 'थंडी बाधली असेल' म्हणून सोडून दिलं जातं. ते दिवसभर घरात असतात, त्यामुळे त्यांना सर्वांत जास्त बाधतं.

पुण्या-नाशकातल्या घरांसाठी

तिकडे फर्नेस नाही, पण बाथरूममधला गॅस गिझर आहे, आणि थंडीत बंद बाथरूममध्ये माणूस बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या येतातच. छोटी जागा, खिडकी बंद, गिझर सलग पेटलेला. काही मिनिटांत वायू इतका वाढतो की माणसाला कडी काढायचं त्राण उरत नाही. इथे अलार्म हा पहिला उपाय नाही. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत लावून आत फक्त पाण्याचा पाइप आणा. ते होईपर्यंत आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच अंघोळीला जा. बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवत असाल तर दार-खिडकी उघडी हवी, आणि झोपण्याआधी शेगडी बाहेर.

तिथल्या आई-बाबांसाठी अलार्म पाठवत असाल तर तो बाथरूममध्ये लावू नका, वाफेने सेन्सर बिघडतो. झोपायच्या खोलीजवळ लावा, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून लांब, नाहीतर लाइट आल्यावर बॅटरी चार्ज व्हायला लागली की तो वाजेल आणि मग कुणीतरी तो काढून ठेवेल. लावताना मागच्या बाजूची तारीख मार्करने समोर मोठ्या अंकांत लिहा. बेशुद्ध माणसाला आधी उघड्यावर आणा, मग अँब्युलन्ससाठी १०८ लावा.